ताठ माणसाच्या मापाचा कोट

ती मामांच्या शिंपीकामाच्या दुकानात काजं करत बसली होती, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "सॉरी हं, ताई... लागलं नाही ना?"

तिनं डोकावून पाहिलं. एक लंबूटांग तरुण दारातल्या पुतळ्याला धडकून त्याचीच माफी मागत होता!

"तिला डोकं नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला आहे... पण ते कायम खाली!"

हा समोरचा घड्याळवाला. दिवसभर डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकायचा आणि उठला तरी तसाच चालायचा. गल्लीनं नाव ठेवलं होतं – छत्रीची मूठ.

गडी लाजून लालेलाल! काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेला, "मला... कोट शिवायचाय."

मामा खूश. त्यांनी भाचीकडे कात्री सरकवली. "तुझा पहिला कोट. जमला तर कात्री तुझी. बिघडला तर जन्मभर काजं-बटणं!"

तिनं टेप काढला. खांदे, छाती, पाठ... ती इतकी जवळ आली की बिचारा श्वास घ्यायचाच विसरला.

ट्रायलला मात्र घोटाळा. मामा आणि ती लांब, तिकडे आरशापाशी उभे, आणि कोट पाठीवर ताणलेला, पुढून लोंबलेला!

"काजं-बटणं," मामा म्हणाले.

"पण मी दोनदा मोजलं होतं!" तिचे डोळे भरले. "तेव्हा चांगले ताठ होतात की तुम्ही!"

"तेव्हा..." तो फरशीला म्हणाला, "तुम्ही जवळ होतात ना."

मामांना एकदम खोकला आला.

तिचे कान तापले, पण पोरगी खमकी! "कोट उसवायचा नाही, मामा. माणूसच सरळ करते! महिनाभर द्या."

मग काय, रोज दुपारी घड्याळवाला भिंतीला उभा!

"टाचा, पाठ, डोकं टेकवा. हनुवटी आत... आणि श्वास घ्या हो, पुतळा आहात का?"

तिनं त्याच्या टेबलाखाली विटा लावल्या. "तुम्ही घड्याळाकडे वाकू नका, घड्याळाला वर येऊ दे. आणि टोले पडले की उठून एक चक्कर मारायची."

ही चक्कर नेमकी शिंप्याच्या दारापर्यंतच का जायची, ते गल्लीला विचारा!

महिना भरला. त्यानं कोट घातला. मामा मिश्किल हसले. "पोरी, तू आत जा. तू नसताना हा किती ताठ राहतो, बघू दे."

पडद्यामागे ती कान लावून उभी राहिली. मग मामांचा आवाज आला, "ये बाहेर. घे तुझी कात्री!"

ती धावत आली. कोट कसा चापूनचोपून बसला होता! कात्री मिळाली, तरी तिचा चेहरा जरासा उतरलाच.

"म्हणजे आता... माझी गरज नाही?"

"ताठ राहायला नाही." पहिल्यांदाच त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "वर्षभर तुम्हाला फक्त चपलांवरून ओळखायचो. निळा पट्टा, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला. आता मान वर झालीय, तर... रोज चेहरा बघत राहावासा वाटतो. जन्मभर. चालेल?"

तिनं टेप उचलला, त्याच्या गळ्यात टाकला आणि दोन्ही टोकं धरून त्याला हळूच पुढे ओढलं. "चालेल... पण आता जरा वाका बघू!"

"अगं, महिन्याची मेहनत!" मामा ओरडले... आणि हसत हसत पुतळ्याला भिंतीकडे वळवायला गेले.