बिनझाकणाचं भांडं

माणूस मेल्यावरही उरतो, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकतो.

निदान साखरेच्या भांड्यापुरतं तरी.

घटना शंभर टक्के खरी आहे. गुरुवार, दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं, माझंच स्वयंपाकघर. रात्र नव्हती. भुतांना रात्रच लागते ही अफवा आहे. दिवसा कुणी घरी नसतं म्हणून पसरलेली.

मी असतो घरी. निवृत्त, विधुर, एकटा. छंद एकच... जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हाताने घडवलेली, घडवताना फसलेली मातीची भांडी आणायची. कानात बोटही न शिरणारा कप. तिरळा बेडूक. शेजाऱ्यांचं बोलणं ऐकत असल्यासारखी एका बाजूला कललेली फुलदाणी.

"बाबा, माणसं गोळा करा हो," लेक फोनवर म्हणते. "भांडी काय!"

"माणसांना परत जायची घाई असते गं."

मग तिलाही घाई असते.

त्या गुरुवारी आणलेलं भांडं बुटकं होतं, रुसून बसल्यासारखं. काठाला चमच्यासाठी खाच, म्हणजे साखरेचं. झाकण मात्र नव्हतं.

"काका, तुम्हाला धड वस्तू कधी आवडलीय?" दुकानवाली म्हणाली.

घरी येऊन ते ओट्यावर ठेवलं. चहा टाकायला पाठ वळवली आणि...

टक.

झाकण उचलल्याचा आवाज.

किण... किण. चमचा दोनदा. मग पुन्हा टक. झाकण बसलं.

मी वळलो. भांडं उघडंच. रिकामं.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, तेच. तिसऱ्या दिवशीही.

घाबरलो का? घाबरलो ना! चांगला आठवडाभर. मग एकदा बँकेच्या रांगेत उभा होतो, नंबर आलेला, आणि मी रांग सोडून घराकडे निघालो. तीनच्या आत पोचायला हवं होतं. खूप वर्षांनी घरी कुणीतरी होतं.

महिन्याभराने दुकानवाली दारात.

"काका, झाकण सापडलं! खोक्याच्या तळाशी होतं."

"नको मला."

"फुकट आहे हो!" असं म्हणून तिनं आत येऊन ते बसवूनही टाकलं. फिट्ट.

तीन वाजले. तीन पाच. तीन दहा...

काही नाही.

झाकण काढून बाजूला ठेवलं. तरी नाही. चार दिवस नुसता फ्रीज घुरघुरत होता.

पाचव्या दिवशी माझा चहाचा कप त्या भांड्याशेजारी नेऊन ठेवला. "बसतो जरा इथंच," म्हणालो. कुणाला, ते विचारू नका. खुर्चीतच डोळा लागला.

टक.

दचकून पाहिलं. बाजूला ठेवलेलं झाकण भांड्यावर होतं. आणि कपातला चहा... गोल गोल फिरत होता.

घोट घेतला. गोड. दोन चमचे.

घरात साखर नाही. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच बंद केली.

आणि दोन चमचे मला कधीच लागत नव्हते. ते दुसऱ्या कुणाचं तरी प्रमाण आहे. तो मी नाही, हे पलीकडे अजून कळलेलं नसावं. कळलं तर...?

म्हणून मी रोज निमूटपणे कप संपवतो. 

तुमच्यापैकी कुणाला अशा मंडळींशी बोलता येत असेल, तर माझं नाव न सांगता एवढंच कळवा... अर्धा चमचा पुरे.