एकोणीस हिरवे दिवे

बसा निवांत. दिवा राहू दे तसाच, माझ्या डोळ्यांवर येत नाही. मघाशी तुम्ही विचारलंत ना, घरात कुणी हाक मारली की मी लगेच ओ का देत नाही, आधी दाराकडे का बघते, म्हणून. सांगते. पण मधेच "असं कसं होईल" म्हणायचं नाही. ते मी स्वतःच स्वतःला म्हणून म्हणून दमलेय.

माझं काम मेंदूचा आलेख काढायचं. हृदयाचा काढतात तसाच. डोक्यावर एकोणीस ठिकाणी धातूच्या चिमुकल्या वाट्या पेस्टनं चिकटवायच्या, त्यांच्या तारा एका डबीत खोचायच्या, डबीची केबल यंत्राला जोडायची, की पडद्यावर लाटा उमटायला लागतात. सव्वीस वर्षं हेच केलं. लोकांना वाटायचं, मला माणसाच्या मनातलं दिसतं. माझ्या नवऱ्याच्या मनातलं मला अजून कळलेलं नाही, परक्यांचं कुठून कळणार!

त्या वर्षी तापाची साथ होती. तो विषाणू काहींच्या मेंदूत चढायचा. माणूस बेशुद्ध पडून राही, बाहेरून बोटसुद्धा हलत नसे, आणि आत मात्र झटके चालू असत. ते फक्त माझ्या पडद्यावर दिसत. म्हणून मला रोज जेवणानंतर त्या वेगळ्या वॉर्डात जावं लागे. पांढरा बंद पोशाख, दोन हातमोजे, गॉगल. पाच मिनिटांत गॉगलवर वाफ धरायची आणि अर्धं जग धुक्यात जायचं. खिडक्या सील केलेल्या. दुपार आहे की मध्यरात्र, ते घड्याळावर विश्वास ठेवून ठरवायचं. वास जंतुनाशकाचा आणि माझ्या पेस्टचा, दुसरा कसलाच नाही.

टोकाच्या खोलीत दोन खाटा होत्या, चार आणि पाच, मधे पडदा. चार नंबरवर एक शिंपी होता, चाळिशीचा. त्याची बायको रोज काचेबाहेर उभी असायची, हातात डब्याची पिशवी घेऊन. पाच नंबरवर एक साठीचा माणूस, एका लॉजवर एकटाच राहायचा. लॉजच्या मालकानं आणून सोडला, तो परत फिरकलाच नाही.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: घरी काय म्हणून हाक मारतात? कारण आलेख काढताना पेशंटला तीनदा हाक मारून बघायची असते. ऑफिसातल्या नावाला मेंदू एखादे वेळी दाद देत नाही, घरच्या हाकेला देतो. हाक मारली की बटण दाबून खूण करायची, आणि लाटा बदलतात का ते बघायचं. पाच नंबरच्या रकान्यात मी नुसती रेघ मारली होती. त्याला मी "काका" म्हणायचे. चार दिवसांत त्याची एक लाटही हलली नाही.

त्या दिवशी गेले तर पाचची खाट रिकामी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सकाळी दहाला गेले हो. कुणाला कळवायचं तेच कळत नाहीये." त्याच्या तारा कुणीतरी डोक्यावरून सोडवून, डबीसकट, दोन खाटांमधल्या स्टँडवर टांगून ठेवल्या होत्या. टाकून द्यायच्या होत्या. त्याच स्टँडवर शिंप्याचीही डबी होती.

शिंप्याचा तो दहावा दिवस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आज नीट बघा. आजही हाकेला काही नसेल, तर संध्याकाळी मला बाईंशी बोलायला लागेल. किती दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवायचं?"

मी काचेपाशी जाऊन फोनवर बायकोला विचारलं, "तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारता?"

ती गोंधळली. "मी? मी नाव नाही घेत. मी आपलं... अहो म्हणते."

"नुसतं अहो?"

"वीस वर्षं झाली ताई, तेच चाललंय. ते तीन-तीन हाका मारल्याशिवाय ओ देत नाहीत. शिलाई मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणे." एवढं बोलून तिला रडू फुटलं.

मी तिची हाक मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतली. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खाटेपाशी आले. केबल डबीला जोडली. यंत्र आधी प्रत्येक वाटीची पकड तपासतं. कातडीला घट्ट बसली असेल तर हिरवा दिवा, सुटलेली असेल तर लाल. एकोणीस वाट्या, एकोणीस हिरवे दिवे. माझ्या आयुष्यात इतका चोख जोड फार क्वचित लागला असेल. मला बरं वाटलं.

मोबाईल शिंप्याच्या कानाशी धरला.

"अहो... ऐकताय ना? मी आलेय."

लाटा हलल्या! संथ, जड लाटा एकदम बारीक आणि भरभर झाल्या, झोपलेल्या माणसानं डोळे उघडावेत तशा. दुसरी हाक, पुन्हा तेच. तिसरी हाक, पुन्हा. मी गॉगलमधून डोळे फाडून बघत होते. डॉक्टर धावत आले, त्यांनी बघितलं, आणि सरळ काचेपाशी जाऊन बायकोला सांगितलं, "ऐकतायत ते. आपण थांबू." तिनं काचेला कपाळ टेकलं. मीसुद्धा रडले, आणि पोशाखात नाक पुसता येत नाही हे तेव्हा कळलं.

मग मी आलेख मागे नेऊन पुन्हा बघायला बसले. तिथे पहिली गोष्ट खटकली. लाटा माझ्या खुणेच्या आधी बदलत होत्या. सेकंद, दीड सेकंद आधी. म्हटलं, हातमोज्यांमुळे बटण उशिरा दाबलं असेल. पण आवाजाची पट्टीही सोबत रेकॉर्ड होत असते, आणि हाक तिथेसुद्धा नंतरच होती.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्या लाटा मला ओळखीच्या वाटल्या. प्रत्येकाच्या लाटांचं वळण निराळं असतं, अक्षरासारखं. या लाटेच्या उतारावर एक छोटी खाच होती. ती खाच मी चार दिवस बघत होते. पण शिंप्याच्या आलेखात नव्हे...

मी केबल हातात धरून स्टँडपर्यंत गेले. दोन्ही डब्या सारख्याच. मी मार्करनं लिहिलेले चार आणि पाच हे आकडे जंतुनाशकानं पुसून पुसून केव्हाच गेले होते. केबल ज्या डबीत होती, तिच्या तारा शिंप्याच्या डोक्याकडे जात नव्हत्या. त्या स्टँडवरून खाली लोंबत होत्या. रिकाम्या खाटेच्या बाजूला.

चूक माझीच होती. पण सुटी तार हवेत लोंबत असली की पडद्यावर खरखर येते, लाटा येत नाहीत. आणि दिवे लाल येतात. मी वळून यंत्राकडे बघितलं. एकोणीसच्या एकोणीस हिरवे.

"सिस्टर," मी म्हटलं, "या तारांना तुम्ही हात लावला होता का आत्ता?"

"छे हो. का?"

मी एक वाटी चिमटीत धरली. दोन हातमोज्यांतूनही ती मला कोमट लागली.

मी केबल काढून शिंप्याच्या खऱ्या डबीत घातली आणि तिन्ही हाका पुन्हा ऐकवल्या. लाटा जवळजवळ सपाट. हाकेला काहीही नाही. काचेबाहेर ती बाई पिशवीतून डबा काढून दहा दिवसांत पहिल्यांदा जेवायला बसली होती.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते माझ्यावर भडकले, मग म्हणाले, "सुट्या तारांचा काहीतरी गोंधळ असेल. उद्या परत काढू. तोवर त्यांना काही बोलू नका."

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. एका बाईला खोटी आशा दिली होती मी. दुसऱ्या दिवशी डबी तीनदा तपासली, तार न् तार बोटानं शिंप्याच्या डोक्यापर्यंत नेली. मोबाईल लावला. लाटा हलल्या. या खेपेला खऱ्याखुऱ्या शिंप्याच्या. डॉक्टर मला म्हणाले, "बघा, तुम्ही उगाच घाबरवलंत." मी मान डोलावली. लाटेच्या उतारावर तीच छोटी खाच होती, तिच्याबद्दल बोलायचं धाडस मला झालं नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी शिंप्यानं डोळे उघडले.

दोन महिन्यांनी दोघं तपासणीला आली. चालत, अगदी हसतखेळत. तो आत जाऊन खुर्चीत बसला. बायको दारात माझा हात धरून थांबली.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"बरे आहेत ना?"

"बरेच आहेत. मशीनवर अजून बसत नाहीत, सुई कशी धरायची ते विसरलेत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण ताई, पूर्वी तीन हाकांना ओ द्यायचे नाहीत, आता मी हाक मारायच्या आधीच देतात. मी स्वयंपाकघरात नुसती मनात आणते, तोवर बाहेरून ओ येते. चांगलंच आहे ना हे?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या बाईच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं, की माझ्याजवळचं जे काही होतं ते तिला देण्याची माझी छाती झाली नाही. तिला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

एकेक वाटी त्याच्या डोक्यावर चिकटवली. तो मुकाट बसला होता, माझ्या हातांकडे बघत. हे सगळं आधी बघितल्यासारखा. शिंपी तर तेव्हा शुद्धीवर नव्हता. तसा पाच नंबरचाही नव्हता म्हणा. फॉर्म नवा होता, म्हणून सवयीनं विचारलं,

"घरी काय म्हणून हाक मारतात?"

त्यानं फॉर्मवरच्या त्या रकान्याकडे बघितलं.

"कुणीच नाही मारायचं," तो म्हणाला. "आता ही मारते."

माझं पेन रकान्यावर तसंच राहिलं. यंत्रावर एकोणीस हिरवे दिवे लागले होते. तेवढ्यात त्यानं बंद दाराकडे मान वळवली आणि हळूच, अगदी प्रेमानं म्हटलं,

"ओ."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कान देऊन ऐकत राहिले. आणि मग बाहेरून तिची हाक आली.