सव्हानाचा निळा डबा

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे, आणि आमच्याच घरात घडलेली आहे. रचलेली असती तर मी शेवट तरी नीट केला असता.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही इथे अमेरिकेतच, अल्फारेटाच्या आमच्या घरून सव्हानाला गेलो. नदीकाठचं जुनं गाव. दगडी रस्ते, झाडांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ, चौकात कुणीतरी सॅक्सोफोन वाजवतंय. माझ्या नवऱ्याला, शंतनूला, तिथलं म्युझिक ऐकायचं होतं. मला कोळंबी खायची होती. आणि सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी, लताआईंनी, या खायच्या ट्रिपसाठी घरून बेसनाचे लाडू बांधून घेतले होते.

"आई, तिथे खायला मिळतं. त्यासाठीच तर चाललोय."

"मिळेल गं. पोट भरतं का ते बघू."

सासूबाईंचा हिशेब सरळ. जगात बायका दोनच प्रकारच्या. शेजारणीचा डबा भरून परत करणाऱ्या, आणि रिकामा परत करणाऱ्या. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी दुसऱ्या खात्यात जमा झाले होते.

शनिवारी दुपारी पाय दुखले म्हणून त्या एका जुन्या घराच्या पायरीवर टेकल्या. आम्ही कोपऱ्यावरून पाणी घेऊन आलो, तर त्यांच्या मांडीवर पत्र्याचा निळा डबा. आत पेकनच्या, म्हणजे इकडच्या अक्रोडासारख्या दाण्यांच्या, वड्या.

अजून कोमट...

"इथल्या आजीबाईंनी दिला. झोपाळ्यावर बसून गुणगुणत होत्या. गोड बाई."

व्हरांड्यात झोपाळा होता खरा. साखळ्या गंजलेल्या. फळीवर धुळीचा जाड थर.

दाराला फळ्या ठोकलेल्या...

"आत गेल्या असतील," आई म्हणाल्या.

"भिंतीतून?" शंतनू हसला.

मी हसले नाही. धुळीवर एक बोटही उमटलेलं नव्हतं.

रविवारी निघताना आईंनी डबा लाडवांनी भरला आणि त्याच पायरीवर ठेवायला लावला. त्यांच्या हातचा लाडू कुठेही ओळखता येतो. वर एक बेदाणा, अंगठ्याने इतका आत दाबलेला की खळी पडते.

गाडी वळताना मी आरशात पाहिलं.

पायरी रिकामी होती.

झोपाळा हलत होता...

दिवाळीत आमची आन्या म्हणाली, "आजी, बेसनाचे लाडू बनव ना, प्लीज."

"लाडू? म्हणजे कसे गं?"

आम्ही हसलो. आईंना गंमत कळली नाही. त्यांनी खरंच विचारलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात निळा डबा. वड्यांनी भरलेला. कोमट.

डोअरबेलच्या कॅमेऱ्यात आधी रिकामी पायरी. मग डबा.

मधे कुणीच नाही...

आईंनी तो चकल्या भरून बाहेर ठेवला. तो गेला. आणि पुढच्या आठवड्यात त्या सोऱ्या हातात धरून मला विचारत होत्या, "हे कशाचं यंत्र गं?"

डॉक्टर झाले, स्कॅन झाला. सगळं क्लीन. वय झालंय, म्हणाले. शंतनूला पटलं. मला नाही पटलं. वय असं एकेक पदार्थ उचलून नेत नाही.

डबा पुन्हा आला, तेव्हा मी तो कचऱ्यात टाकला. गाडी घेऊन गेली. संध्याकाळी तो दारात होता.

मग मी हुशारी केली. दुकानातली बिस्किटं भरून ठेवली.

बिस्किटं डब्यासकट परत आली. त्यांचा फक्त भुगा झाला होता...

त्याला आईंच्याच हातचं हवं होतं.

"आई, पाया पडते. रिकामा जाऊ दे या वेळी."

"रिकामा? वल्लरी, काही रीत आहे की नाही?"

पुरणपोळी गेली. जिच्यावरून त्यांनी मला वर्षानुवर्षं टोमणे मारले, ती. तिच्याबरोबर टोमणेही गेले. माझ्या फुटक्या पोळ्या आता त्या मुकाट खातात. मला ते सहन होत नाही.

ओट्याशी उभ्या राहून त्या काहीतरी गुणगुणतात. ती चाल मराठी नाही.

आज दुपारी पुन्हा डबा आला.

या वेळी वड्या नव्हत्या...

बेसनाचे लाडू होते. ताजे. प्रत्येकावर बेदाणा, खोल दाबलेला.

मी आईंचा हात धरला आणि त्यांचा अंगठा एका खळीत टेकवला.

बरोबर बसला...

त्यांनी तो लाडू उचलून खाल्ला. सावकाश, डोळे मिटून.

"सुगरण आहे हं बाई. कुणी केले गं?"



उरलेले लाडू त्यांनी ताटात काढले. डबा पदराने पुसला, माझ्या हातात दिला.

"माझ्याकडे आता द्यायला काही नाही. तू भर."

डबा ओट्यावर आहे. आन्या शाळेतून येईल. तिला माझ्या हातचा शिरा फार आवडतो. तेवढा एकच पदार्थ मला खरा जमतो.

मी अजून गॅस पेटवलेला नाही.

आमच्या घराला झोपाळा नाही.

तरी दाराबाहेर साखळी कुरकुरतेय...