राखून ठेवलेलं प्रकरण

दुपारची भेटीची वेळ संपली, की पुरुषांच्या वॉर्डातले पडदे ओढायचं काम मामांचं. मामा म्हणजे तिथले जुने मदतनीस. चादरी बदलायच्या, रोग्यांना कुशीवर वळवायचं, आणि पडदे ओढून झाले की ज्याला झोप येत नाही त्याच्या उशाशी स्टूल ओढून गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचं. शिक्षण बेताचंच. ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचायचे. पण खुनाच्या गोष्टी अशाच सावकाश वाचाव्यात, असं खिडकीजवळच्या खाटेवरच्या वकिलांचं मत होतं.

हे वकील खरे शिंपी. प्रत्येक पुस्तकाशी हुज्जत घालायचे, म्हणून वॉर्डानं त्यांना वकील करून टाकलं होतं. डोळ्यांवर पट्टी, छातीत पाणी, पण जिभेला हाड नाही.

"पहिल्याच पानावर प्रेत? हा लेखक की दारात कचरा टाकणारा शेजारी?"

"पुढं ऐका तरी."

"ऐकतोय की. पण वादळी रात्र आली, म्हणजे लेखकाचं डोकं चालेनासं झालं, असं समजा."

"तुम्ही शिवलेल्या सदऱ्याला कुणी एवढी नावं ठेवली असती तर?"

"ठेवायचे ना! म्हणून तर हात सुधारला."

कधी मात्र त्यांचा आवाज उतरायचा. "सगळे खुन्याच्या मागे पळतात, मामा. मेलेल्याचं कुणी विचारत नाही. त्या संध्याकाळी त्याच्या घरी कोण जेवलं? त्याचा कोट खुंटीवर किती दिवस राहिला? रक्ताची भीती नाही वाटत हो. त्या कोटाची वाटते."

वॉर्डातल्या जुन्या माणसांची एक रीत होती. दुखणं जड असलं, तर त्या माणसाला गोष्टीचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवायचं नाही. राहिलेलं प्रकरण माणसाला धरून ठेवतं, असं ते म्हणत. मामा ही रीत मनापासून पाळत. वकिलांचं पुस्तक शेवटाशी आलं आणि मामांचा घसा बसला. मग चष्मा घरी राहिला. मग दुसरं काम निघालं.

"खुनी मला ठाऊक आहे," वकील चिडायचे. "तुम्ही फक्त खात्री करून द्या."

"उद्या नक्की."

वकील गेले ते त्या उद्याची वाट बघतच.

त्यांच्या खाटेवर एक ट्रक-ड्रायव्हर आला. ताप साधा होता. लवकर उठेल, असं डॉक्टर म्हणाले. ताप उतरलाही, पण माणूस उठेना. औषधं बदलली, रक्त तपासलं, सगळं ठीक. आणि हा दिवसेंदिवस गादीत खोल खोल जात होता.

"मामा, हे झोपेत काय पुटपुटतात?" त्याच्या बायकोनं विचारलं. "सारखं 'पुढं, पुढं' चाललेलं असतं. गाडीचं स्वप्न पडतंय का?"

मामांनी त्याच्या तोंडाशी कान नेला.

"पुढं… काय झालं…"

ड्रायव्हरचा तो राकट पंजा चादरीची किनार चिमटीत धरून हलके हलके चोळत होता. कापडाचा पोत पाहावा तसा.

मामांनी ती शिंप्याची चिमटी ओळखली. राहिलेलं प्रकरण माणसाला धरून ठेवतं. रीत खोटी नव्हती. देह गेला तरी वकील इथंच अडकले होते, आणि त्यांच्या जागी निजलेल्यालाही ती खाट सोडत नव्हती.

"पोरं लहान आहेत हो घरी," बाई म्हणाली.

"उद्या बघतो," मामांच्या तोंडून निघालं आणि ते दचकले. "नाही. आजच. तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा."

त्यांनी पडदे ओढले. बाहेर धुकं होतं, त्यामुळे भरदुपारीच वॉर्ड तळघरासारखा झाला. फिनेलचा नेहमीचा वास होता. मामा वाचू लागले तसा त्यात दुसरा मिसळला: ओलसर कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा. ओळ दोनदा सुटली. आजूबाजूचं खोकणं, कण्हणं केव्हा थांबलं, ते मामांना कळलंही नाही. वॉर्डभर फक्त त्यांचाच आवाज.

खुन्याचं नाव एका ओळीवर येऊन ठेपलं, तेवढ्यात ड्रायव्हरचा हात वर झाला.

"थांबा… आधी मी सांगतो…" ओठ ड्रायव्हरचे होते, आवाज वकिलांचा. "मेहुणा… मेहुणाच ना?"

मामांनी पुढची ओळ वाचली.

"चुकलात, वकील," ते हळूच म्हणाले. "बायको निघाली."

वर झालेला हात खाली आला, पुन्हा चादरीची किनार चोळू लागला.

"बायको… म्हणून ती रडताना आरशाकडं पाठ करायची…" मग एक लांब श्वास. "बरं लिहिलंय हो."

वकिलांनी पुस्तकाला बरं म्हटलेलं मामांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी उरलेलं पान शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. चिमटीतली किनार सुटली. इस्त्रीचा वास विरत गेला, आणि ड्रायव्हरनं डोळे उघडले.

"भूक लागली," तो स्वतःच्या आवाजात म्हणाला.

बायको धावत आत आली. रडत होती, हसत होती, मामांच्या पाया पडू लागली. मामांनी तिला उठवलं, पुस्तक मिटून काखेत मारलं आणि स्टूल जागेवर ठेवायला निघाले.

वॉर्डाच्या टोकाला कोपऱ्यातली खाट रिकामी होती. चादर सकाळी त्यांनीच ताणून घातली होती.

"मामा…" तिथून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "घड्याळजीच्या बायकोला विष कुणी दिलं, ते आज कळेल ना?"

मामा जागीच थांबले. वाचलेली सगळी पुस्तकं त्यांनी मनात चाळली. एकाही गोष्टीत घड्याळजी नव्हता.

"बाबा," ते मायेनं म्हणाले, "ते पुस्तक मी नाही वाचून दाखवलं तुम्हाला."

मग तोच आवाज आला, आता घाबरलेला.

"मग… रोज कोण वाचतंय?"

आणि अगदी जवळ, एक पान उलटलं गेलं. मामांचं पुस्तक काखेत मिटलेलंच होतं.