पिसांच्या माशीवरचा आळ

"गळाची काठी सायकलला आडवी बांधलीस तर वळणावर एखाद्या गाईला टोचेल!" शमिका म्हणाली.

"मग उभी बांधू?"

"म्हणजे थेट विजेच्या तारेत! अद्नान, अरे, तिचे तुकडे सुटे करता येतात!"

काठी सुटी होऊन नळकांड्यात गेली. दोऱ्याचे चाक आणि माशांना भुलवायच्या पिसांच्या कृत्रिम माश्यांची डबी दप्तरात. फ्लाय फिशिंगचे सगळे सामान एसटीत मावले. मावत नव्हती ती अद्नानची तगमग. पावसजवळच्या कोंडात, म्हणजे ओढ्यातल्या खोल डोहात, मासे मरून तरंगले होते, आणि तिथे गळ टाकणारा एकटाच माणूस म्हणजे त्याचा गनीमामू. 'पिसांना विष चोळतो तो,' असे शमिकाचे विनोदकाका गावभर सांगत होते. सरपंच यमुनाबाईंनी आज मामूचे सामान तपासायला कोंडावर मागवले होते. आळ टिकला तर मामूला तिथे कायमची बंदी!

"पाईप बसवायला निघालात काय रे?" कंडक्टरने विचारले.

"मासे धरायला."

"नळातले?"

फाट्यावर उतरून दोघे कोंडाकडे वाहणाऱ्या ओढ्याच्या, पऱ्याच्या, काठाने खाली निघाले. गाडीरस्ता लांबून जात होता. सवयीने अद्नानने पाण्यातला एक दगड उलटला. खाली बारीक किडे वळवळत होते.

"मासा काय खातो ते आधी बघायचं, मग तशी माशी बांधायची. मामूचा नियम!"

शमिकाही दगड उलटत चालली. आंब्याच्या बागेखाली मात्र एकाही दगडाखाली काही हलेना. ती मागे गेली. वर किडे होते. पुन्हा खाली आली, नव्हते.

"मासे मामूंच्या गळाने मेले म्हणे. मग हे किडे कशाने मेले? ते काय गळाला लागतात?"

मधल्या कातळावर पांढरट ओघळ वाळले होते. औषधाचा उग्र वास येत होता. वर फवारणीचा ड्रम पालथा पडला होता.

"हात लावू नकोस!" शमिका ओरडली. मग तिचा आवाज उतरला. "बाग आमच्या काकांची आहे."

अद्नानने ड्रमकडून तिच्याकडे पाहिले.

"बघतोस काय? चल लवकर!"

कोंडावर माणसे जमली होती, गनीमामूही कडेला उभा होता. "आणलंत विषाचं सामान?" विनोदकाका गरजले.

"आणलंय. पण आधी वर चला, काका. सगळेच चला!" शमिका म्हणाली.

यमुनाबाईंनी पदर खोचून स्वतः दगड उलटले. आधी वरचे, मग खालचे. मग ड्रमकडे पाहिले.

"दोनदाच धुतला गो," काका पुटपुटले. "वाहतं पाणी, म्हटलं जाईल निघून."

"गेलं ना," शमिका म्हणाली. "कोंडात."

काकांनी गनीमामूपुढे हात जोडले.

"शमिके, घरी सांगितलं असतंस तर?"

"घरात सांगून चारचौघातला आळ कसा जाईल, काका?"

"शाबास गो! आणि तूही रे, अद्नान!" यमुनाबाई म्हणाल्या. "विनोद, यापुढे पऱ्यावर ड्रम धुवायचा नाही. गनी, तुला बंदी नाही."

गनीमामूने नळकांड्याचे झाकण घट्ट केले. "आहे, बाई. कोंडात मासे परत दिसेपर्यंत मीच घालून घेतली!"