चाकांवरचं घर

"तिकीट काढलंस का गो?"

मागून आवाज आला आणि खिडकीचा गज माझ्या हातून सुटला. टोपलीतल्या काकड्या आटगाव स्टेशनाबाहेरच्या आडबाजूच्या रुळावर गडगडल्या. चवड्यांवर उभी राहून मी तिथं उभ्या असलेल्या रेल्वेच्या एकट्या डब्यात डोकावत होते. दारात टिनच्या डब्यात झेंडू, आत चूल, खाट, कोपऱ्यात पाण्याचा माठ... डब्यात घर! आणि बंद दाराआड काय आहे ते बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

"उभ्या डब्याला कसलं तिकीट रे?"

तो हसला आणि काकड्या वेचू लागला. कोपरापर्यंत तांबड्या रंगानं माखलेला, डोळे मात्र असे स्वच्छ, की मी उगाच पदर सावरला.

"कुणाचा डबा?"

"माझा."

"इकत घेतला?"

"तसंच समज," तो म्हणाला आणि वेचलेली काकडी खुशाल खाऊ लागला.

मी तसंच समजले. लहानपणी याच स्टेशनात एका साहेबाचा डबा थांबलेला पाहिला होता. पडदे, पलंग, आणि टेबलाशी एकटीच संत्रं सोलत बसलेली बाई. तेव्हापासून वाटायचं, असा एक डबा आपला असावा, मनात येईल त्या गाडीला जोडावा. आणि याचं नाव कान्हा, रेल्वेच्या पुलांना रंग द्यायचा. एवढे पूल ज्याच्या हाती, त्याला एक डबा का परवडू नये?

मग रोज काकड्या विकून परतताना माझा एक प्रश्न ठरलेला.

"डबा निघाला की भांडी पडत नाय?"

"आधी माठातलं पाणी हलतं. ते हललं की मी भांडी धरतो."

"गाव कुठलं तुझं?"

"मुरबाडकडचं, टोकावडं. आमच्याकडं रूळच नाय... म्हणून मीच रुळावर आलो."

"आन् एकट्यानं हिंडून कटाळा नाय येत?"

"येतो ना," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "खाट मोठी करायला जागा हाय."

मी पळाले. घरी पोचेपर्यंत कान गरम होते. प्रेमच होतं ते, दुसरं काय?

मी घरी लग्नाचं काढलं; पोरगा आपल्यातलाच म्हटल्यावर बा नरमला. पण आमच्याकडे आधी पोराचं घर बघतात. वासे, गोठा, पाणवठा, सगळं. पसंत पडलं तर तिथलं पाणी प्यायचं, नाही तर कोरड्या घशानं परतायचं. म्हशाच्या जत्रेआधीचा मंगळवार ठरला. खरं तर पोरीनं जायचं नसतं; पण वाट दाखवायला म्हणून मी बा आणि कमळूमामाच्या पुढं झाले.

बघतो तर रूळ रिकामा! झेंडूचा टिन तेवढा खडीत उभा.

"घर कुठं गो, राही?" बानं विचारलं.

स्टेशनवरचा हमाल हसायलाच लागला. "डबा? सकाळी इंजिन आलं, ओढून खर्डीला नेला."

"मालकाला न इचारता?"

"कसला मालक बाई! रेल्वेचा डबा तो. कान्हा रंगारी खलाशी, रेल्वेचा साधा मजूर; हुकूम येईल तिकडं ऱ्हातो."

मामानं पागोटं सारखं केलं आणि परत वळला. "घर पळून गेलेलं आजच बघितलं," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज तर होतीच, त्याहून राग. एवढे प्रश्न विचारले, आणि पहिल्याच उत्तरात फसले!

"थांबा हो... थांबा!"

खर्डीच्या बाजूनं रुळाकडेनं कान्हा धावत येत होता. खांद्यावर माठ, हातात तांब्या, सदरा चिंब, छाती भात्यासारखी हलणारी. चार कोस चालत आला होता. त्यानं माठ बाच्या पायाशी टेकवला.

"घर नेलं त्यांनी," तो धापा टाकत म्हणाला. "पाणी आणलंय."

मग तो माझ्याकडे वळला. "डबा माझा नाय, राही. पहिल्या दिवशी थट्टा केली. मग तू एवढी खूश झालीस, की खरं बोलायचा धीर झाला नाय. माझा हाय तो एवढा माठ."

माठ अर्धा सांडला होता. मला रडू येत होतं आणि हसूही. तरी जिभेवर प्रश्न आलाच.

"खर्डीनंतर कुठं नेणार डबा?"

"माहीत नाय."

"त्यानंतर?"

"ते पण माहीत नाय गो..."

माहीत नाही! इतकं गोड उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. डबा कुणाचा का असेना, त्याच्या खिडकीशी मलाच बसायचं होतं. मी तांब्या बुडवला, भरला आणि बासमोर धरला.

बानं रिकाम्या रुळाकडे पाहिलं, मग कान्हाच्या पायाच्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडे. तांब्या घेतला. एक घोट. मग सगळाच.

"कोमट हाय," तोंड पुसत बा म्हणाला. "पोरी, तिकडं गेल्यावर माठ सावलीत ठेवत जा."