मागे राहिलेला खोकला

ऑक्टोबरात गावचं घर बंद करायचं म्हणजे लग्न उरकल्यावर मांडव आवरण्यासारखं असतं. हौस संपलेली असते, कामं मात्र संपत नाहीत. बटाटे पोत्यांत भरून झाले होते. डेलियाचे कंद उकरून लाकडाच्या भुशात ठेवले होते. पंपातलं पाणी काढून टाकलं होतं, नाहीतर थंडीत नळ फुटतात. सफरचंदाचं झाड यंदा नुसतं लगडलं होतं. खाऊन खाऊन किती खाणार आणि वाटून वाटून किती वाटणार? उरलेली सफरचंदं रिम्मानं कुंपणापलीकडे ओतली. रात्री सशांनी आणि रानडुकरांनी येऊन खावीत, त्यांचाही हिवाळा आहेच की. बागेतला काटेचुवा पानांच्या ढिगात शिरून कधीच झोपी गेला होता, करकोचे उडून गेले होते. आता माणसांनी जायचं होतं.

रिम्मा आणि तिचा नवरा येफीम, दोघंही पेन्शनीत निघालेले. बर्फ वितळलं की व्होल्गाकाठच्या या खेड्यात यायचं, येफीमच्या आईच्या लाकडी घरात राहायचं, आणि पानं गळाली की शहरात परतायचं, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. बरोबर दोन मांजरं. करडी दीम्का येफीमची. तिचा लेक, तांबडा रीझिक, रिम्माचा. ती बागेत गेली की हा मागे, विहिरीवर गेली की हा मागे. दीम्का येफीमच्या मांडीवरून उठायची ती फक्त जेवायला.

"तू हिच्याशीच लग्न करायचं होतंस," रिम्मा म्हणायची.

"विचारलं होतं गं. नाही म्हणाली," येफीम म्हणायचा, आणि हसता हसता त्याला खोकला लागायचा.

तो खोकला हीच रिम्माची काळजी. विहिरीच्या तळाशी बादली आपटावी तसा खोल आवाज यायचा. "हा हिवाळा जपा," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांनी येफीमकडे पाहिलं नव्हतं. रिम्माचा स्वतःचा उजवा गुडघा निकामी झाला होता. जिना चढताना तिला ब्रह्मांड आठवायचं. पण त्या खोकल्यापुढे गुडघ्याचं नाव काढायची तिला लाज वाटायची.

निघायच्या आधी तिनं पडवीतला आरसा चादरीनं झाकला. मागच्या हिवाळ्यात ओल लागून त्याचा पारा उडायला लागला होता. शेजारची उस्तीन्या मावशी किल्ली घ्यायला आली, ती दारातच थबकली.

"अगं बाई! कोण गेलं इथे?"

"कोणी नाही मावशी. ओलीनं खराब होतो, म्हणून झाकला."

"मयताच्या घरात झाकतात आरसा. जित्या माणसांनी झाकू नये." मावशी बारमाही गावात राहणारी, जिभेला हाड नसलेली. "पण शिकलेल्यांना कोण सांगणार? उद्या चूलही झाकाल, धूर होतो म्हणून!"

येफीम हसला. खोकला.

मग रीतीप्रमाणे सगळे जागच्या जागी बसले. लांबच्या वाटेला लागताना घटकाभर बसायचं, अक्षर बोलायचं नाही, आणि एकदम उठायचं. उस्तीन्या मावशीसुद्धा उंबऱ्याशी बसली. उठले, कुलूप लावलं, गाडीत जाऊन बसले, आणि मग रिम्माला दिसलं की टोपलीत एकटा रीझिकच आहे.

"दीम्का आतच राहिली की!"

"तू बस. तुझा गुडघा आहे. मी आणतो," म्हणत येफीम उतरला.

आता तिथली एक रीत आहे. निघालेला माणूस काही विसरलं म्हणून परत घरात शिरला, तर बाहेर पडताना त्यानं आरशात तोंड पाहायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. येफीमची आई म्हणायची, आपण सगळेच्या सगळे बाहेर पडलो की नाही, ते आरसाच सांगतो. येफीम ही रीत पाळायचा, पण त्याच्या पद्धतीनं. आरशाला जीभ काढून दाखवायचा आणि बाहेर यायचा.

रिम्मा गाडीत बसून ऐकत होती. आतून खोकला आला, खाटेकडून. मग माळ्यावरून. मग पडवीतून. मग थांबला. कुठे काही हलेना. कुंपणावर कावळा होता, तोही गप्प बसला.

येफीम बाहेर आला. दीम्काला त्यानं मानगुटीला धरलं होतं आणि त्याच्या हातभर ओरखडे होते. आजवर तिनं त्याला नख लावलं नव्हतं.

"आरशात बघितलंस ना रे?" मावशीनं किल्ली घेताना विचारलं.

"झाकलाय ना," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.

शहर येईपर्यंत तो एकदाही खोकला नाही.

पहिल्या आठवड्यात रिम्मानं नुसता जीव मुठीत धरला. मग तपासायला नेलं, तर डॉक्टरीणबाई नळी कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. "छाती एकदम स्वच्छ आहे. गावाला काय खाऊ घातलंत यांना?" रिम्मानं त्या संध्याकाळी कोपऱ्यातल्या संतांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि पोटभर रडून घेतलं. देवानं ऐकलं होतं. आणखी काय हवं?

तक्रार करायला जागा नव्हती. वाढलं ते तो खायचा. झोप म्हटलं की झोपायचा. कचरा खाली नेऊन टाकायचा, जे आधी तीनदा सांगूनही होत नव्हतं. फक्त दीम्का कपाटावर जाऊन बसली ती खाली येईना. तो खोलीबाहेर गेला की उतरायची, खायची आणि पुन्हा वर. येफीमनं तिला एकदाही हाक मारली नाही. एके दिवशी रिम्माला राहवलं नाही. कपाटाकडे बघत ती म्हणाली, "रुसली बघ तुझी. तू हिच्याशीच लग्न करायचं होतंस."

"कोणाशी?" येफीमनं विचारलं.

त्यानं थट्टेनं विचारलं नव्हतं. रिम्मा कोबी चिरत होती, ती चिरत राहिली.

मोठं बर्फ पडल्यावर उस्तीन्या मावशीचा फोन आला. मावशी फोनवर नेहमी ओरडून बोलायची, आज हळू बोलत होती.

"रिम्मा... तुझा नवरा कुठाय?"

"हा काय समोर. सूप पितोय."



"मग तुमच्या घरात खोकतंय कोण?"

"मावशी, भलतंसलतं काय बोलता..."

"कुलूप तसंच आहे. बर्फात पाऊल नाही, माझं सोडून. मी दाराला कान लावला गं. आवाज ओळखणार नाही का मी त्याचा? लहानाचा मोठा माझ्यासमोर झालाय. मी हाक मारली, येफीम, बाळा, तू आहेस का? तर खोकला थांबला... आणि आतून कोणी तरी दार ढकलायला लागलं. जोर नव्हता गं त्या ढकलण्यात."

रिम्मानं समोर पाहिलं. येफीमनं सूप संपवलं होतं आणि तो रिकाम्या ताटलीकडे बघत बसला होता. फोन कोणाचा, हे त्यानं विचारलं नाही.

"कुलूप काढून बघितलंत?"

"काढलं. आत कोणी नाही. चादर झाकलेला आरसा, आणि त्याच्या मागून खोकला. मी पडले म्हातारी. त्या चादरीला हात लावायची माझी छाती झाली नाही. आणि लावून काय उपयोग? बघणारा तिकडे, तुझ्यापाशी. त्याला घेऊन ये."

रस्ता बर्फानं बंद होता, हे खरंच होतं. पण खरं सांगायचं तर रिम्माला रस्ता बंद आहे याचं बरंच वाटलं. इथे बसलेला येफीम धडधाकट होता. त्याला तिथे नेलं, आरशासमोर उभं केलं, तर येफीम परत येणार, आणि त्याच्याबरोबर तो खोकलाही. हिवाळा जपा, म्हणाल्या होत्या बाई. हा असाच राहिला तर वर्षानुवर्षं राहील. कचरा टाकेल, सूप पिईल. असे विचार मनात आणल्याबद्दल तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली, आणि तरी ते विचार येत राहिले.

बर्फ ठिसूळ झालं तेव्हा मावशीचा पुन्हा फोन आला. "क्षीण झालाय गं आवाज. कालपासून तर दाराशीही येत नाही. पानं फुटेपर्यंत टिकेल असं वाटत नाही मला. तुझी तू विचार कर, कुठला नवरा पाहिजे तुला."

रिम्मानं फोन ठेवला आणि टोपली काढली. दोन्ही मांजरं घेतली, येफीमला कोट घातला, आणि निघाली.

गावचा रस्ता म्हणजे चिखल आणि बर्फ यांचा नुसता काला. फाटकाशी येफीम थांबला. "तू जा आत. मी इथे बरा आहे."

"चल म्हणते ना!"

"मी इथे बरा आहे."

तिनं त्याची बाही धरली आणि लंगडत लंगडत त्याला ओढत नेलं. लग्नात त्याला नाचायला ओढलं होतं, त्यानंतर आजच. मावशीनं दार उघडलं. पहिली दीम्का आत पळाली. घरात उंदरांचा आणि कुबट लोकरीचा वास होता, आणि त्यात येफीमच्या छातीला चोळायच्या कापराच्या तेलाचा. ते तेल तर शहरात होतं. दीम्का पडवीत आरशाखाली जाऊन बसली आणि घुरघुरायला लागली. साऱ्या हिवाळ्यात रिम्मानं ती घुरघुर ऐकली नव्हती.

चादरीमागे कोणी तरी खोकलं. अगदी हळू. झोपलेल्याची झोप मोडू नये तसं.

रिम्मानं चादर ओढून काढली, नवऱ्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आरशाकडे वळवलं. स्वतः बाजूला उभी राहिली. त्याच्या आणि आरशाच्या मध्ये यायला नको.

"बघ... येफीम, अरे बघ ना..."

तो बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मग हळूच त्यानं जीभ बाहेर काढली. आणि असा खोकला की त्याला उभं राहवेना. रिम्मानं त्याला कवेत घेतलं. तो बर्फासारखा गार पडला होता.

"कुठे होतीस गं," तो तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला. "किती थंडी होती... मी हाका मारत होतो..."

ती हसत होती आणि रडत होती. मावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली. दोघींनी मिळून त्याला गाडीत बसवलं. दीम्का उडी मारून त्याच्या मांडीवर. त्याचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. ताबडतोब इस्पितळ गाठायला हवं होतं, पण काचा लावूनही त्याची थरथर थांबेना.

"मेंढीच्या कातड्याचा कोट! खाटेवर आहे," रिम्मा म्हणाली, आणि गुडघ्याची पर्वा न करता आत धावली. कोट उचलला, तशीच धावत बाहेर आली, त्याच्या अंगाभोवती गुंडाळला. मावशी फाटकाशी उभी राहून काही तरी ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात ते रिम्माला ऐकू आलं नाही.

येफीम वाचला. इस्पितळात बरेच दिवस काढून घरी आला, तो खोकत आला. पण नव्या औषधानं खोकला दमला होता. दीम्का त्याच्या मांडीवरून हलेना. बर्चच्या झाडांना पालवी फुटली. गावाला कधी जायचं, डेलियाचे कंद कधी लावायचे, असं तो रोज विचारायचा. रिम्मा म्हणायची, जाऊ की.

त्या दुपारी ती बाजारातून आली. दोन्ही हातांत जड पिशव्या, लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर ती न थांबता चढली. गुडघा दुखला नाही. बरेच दिवस दुखला नव्हता. तिनं पिशव्या ठेवल्या आणि बटाटे बाहेर काढायला लागली.

येफीम दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उस्तीन्या मावशीचा फोन होता," तो हळूच म्हणाला. "विचारत होती, रिम्मा कुठाय... म्हणाली, तुमच्या घरात कोणी तरी चालतंय. एक पाय ओढत. खोलीतून पडवीत, पडवीतून खोलीत. आणि दिवसभर मांजराला बोलावतंय... किस-किस, रीझिक, किस-किस..."

रिम्मा बटाटे परातीत लावत होती. कपाटावर तांबडं मांजर पाठ फुगवून बसलं होतं आणि तिच्याकडे बघत होतं.

"रिम्मा," येफीम म्हणाला.  "गाडी काढू का गं?"

"कशाला?" तिनं विचारलं. "आणि रीझिक कोण?"